पुसलेलं पीठ

सन दोन हजार एकोणीस. मार्गशीर्षातली थंडी. ऊन वर येईपर्यंत नदी दिसत नव्हती.

"बाबा, कुलूप तसंच आहे आणि तरी कुणी आत येऊन गेलंय, हे कसं ओळखावं?"

विचारणारा मंदार कुलथे. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. प्रवरेकाठच्या मठात भानगिरीबाबांकडे वर्षातून एकदा यायचा. शिकायला कमी, सांगायला जास्त.

हे कुलूप घराचं नव्हे. कपाटात ठेवलेल्या, दिवसरात्र चालू असलेल्या कॉम्प्युटरचं. त्यात बायकोचं, ऋजुताचं, सगळं साठवलेलं. ऋजुता श्रावणात गेली. दिवाळीनंतर तिच्या नावानं, तिच्याच पासवर्डनं, बाहेरून इंटरनेटवरून कुणीतरी आत येऊ लागलं.

मंदारनं सगळं तपासलं होतं. अनोळखी प्रोग्राम नाही. फाइल बदललेली नाही. हे त्यानं जरा ऐटीतच सांगितलं.

"मग आलेला करतो काय?"

"तिचा आवाज ऐकतो. पेटी शिकत होती तेव्हाचा. चुकते, मध्येच हसते... तेवढंच."

"पासवर्ड बदल."

मंदार चुलीकडे बघू लागला.

"बदलता येत नाही?"

"येतो, बाबा."

चुलीपाशी परातीत बाजरीचं पीठ काढलेलं होतं. बाबांनी मूठभर घेतलं, उंबऱ्याजवळ फरशीवर पसरलं, तळव्यानं सारखं केलं.

"बस. काय उमटतं ते सांग."

मंदारचा चेहरा उतरला. माणूस गेल्यावर घरात असंच पीठ पसरतात. शेजारी दिवा, वर टोपली. सकाळी टोपली उचलून गेलेल्याचं पाऊल शोधतात.

वारा आला. पिठात एक रेघ उठली. मंदार चटकन वाकला.

"चोराला बघायला असं वाकतात?"

मंदारनं तोंड फिरवलं. बाबा म्हणाले, "ऋजुताच्या पिठात काय होतं?"

"मी पाहिलं नाही. सासूबाईंनी पसरलं होतं. मला असलं पटत नाही. त्या उठायच्या आत मी पुसून टाकलं."

"त्यांनी काय पाहिलं?"

"ओली फरशी..."

मंदार पिठाकडे बघत राहिला. ऊन उंबऱ्यावर आलं तेव्हा उठला, बाहेर पारावर गेला आणि सासूबाईंना फोन लावला.

परतला आणि सांगू लागला. आत येणाऱ्या सासूबाईच होत्या. पासवर्ड लेकीनंच दिलेला. दुपारी शेजारणीच्या मोबाइलवर ऐकायच्या. आपल्याला सांगितलं का नाही, असं त्यानं विचारलं. तर म्हणाल्या, तुम्ही पुसून टाकाल.

"ती नसणार, हे मला ठाऊक होतं," मंदार म्हणाला. "तरी..."

"तरी," बाबा म्हणाले.

पौषात तो पुन्हा आला. कॉम्प्युटर सासूबाईंच्या घरी नेऊन ठेवला होता. त्यांना आता शेजारी जावं लागत नव्हतं. पासवर्ड तोच होता. ऐकावंसं वाटलं की आता मंदारच बाहेरून आत जायचा, त्यांची दुपारची वेळ सोडून.

त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत मूठभर बाजरीचं पीठ.

"ऋजुताच्या वेळचं," तो म्हणाला. "पुसलं, पण टाकलं नव्हतं."

बाबांनी ते परातीतल्या, भाकरीसाठी काढलेल्या पिठात ओतलं.

"पाणी आण."