हाडं दाखवा

माळाला अजून कुंपणं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. गारपीट झाली आणि कवडी मेंढीच्या जुळ्यांतलं एक कोकरू गेलं. मेलेलं पोर लांडग्याच्या तोंडी लागू नये म्हणून ते नदीत सोडायची मेंढ्यांची रीत. तिनंही तेच केलं.

गारांनी माळावर गवताची काडी ठेवली नव्हती. सिंहानं हुकूम काढला, मेलेल्या कोकराची हाडं दाखवील त्याला हिरवा चारा मिळेल. वाटपाला कोल्हा बसला.

"कवडीबाई, हाडं?"

"नदीत सोडलं, कारभारी. साऱ्या कळपानं पाहिलंय."

"कळपाचं पाहणं चालत नाही. नियम हाडांचा आहे."

तिच्यामागं लांडगा उभा होता. गुहेत वर्षानुवर्षं साठलेली कोकरांची हाडं त्यानं ओढून आणली होती. ती पाहून कोल्हा हळहळला आणि सगळा चारा त्यालाच दिला.

"लांडगा गवत खातो का हो?" कवडीनं विचारलं.

"ते बघणं आमच्याकडं येत नाही."

लांडग्यानं चारा गुहेच्या तोंडाशी नीट पसरून ठेवला. उरलेल्या उपाशी कोकराला कवडी रोज अडवून धरायची. एका सकाळी तिला जाग आली, तेव्हा कूस रिकामी होती आणि वाऱ्यावर हिरव्या चाऱ्याचा वास येत होता.

या वेळी हाडं कुठं आहेत, हे तिला ठाऊक होतं.