शेवटच्या धोंड्याची घोंगडी

सोनोळीच्या टेकावर आलेला पाहुणा हटकून एका ठिकाणी बसतो. पायवाट संपते तिथे चौरंगासारखा ऐसपैस धोंडा आहे. माणूस त्यावर टेकतो, घाम पुसतो, खाली काळगंगेचे वळण दिसते त्याचे फोटो काढतो. बसू द्यावे; त्या धोंड्यावर बसायला कुणाची ना नाही. तिथून धोंड्यांची एक रांग टेकाच्या कडेकडेने पलीकडच्या उतारापर्यंत गेली आहे. पहिला पाटलाचा, दुसरा कुलकर्ण्याचा, तिसरा चौगुल्याचा, मग सुताराचा, लोहाराचा, असे करत धोंडे लहान होत जातात. टोकाला, जिथे वारा थेट अंगावर येतो, तिथे ताटाएवढा एक दगड आहे. त्याला नाव नाही. त्याच्यावर पाय ठेवलेला मात्र गावाला खपत नाही.

गावात जेवणावळ असली तर पाहुण्याची आणखी फजिती. मानाने पहिल्या पानावर बसवलेला माणूस रिकाम्या पत्रावळीकडे बघत राहतो, कारण सोनोळीचे वाढपी पंगतीच्या शेपटाकडून वाढायला लागतात. पहिल्या पानापर्यंत भात येईतो शेपटाकडचे लोक ताकावर आलेले असतात. असे का, म्हणून विचारले की गावकरी टेकावरच्या त्या रांगेकडे बोट दाखवतात. तिची हकिकत अशी सांगतात.

कोणत्या शकातली गोष्ट, हे कुणाला ठाऊक नाही. सोनोळी तेव्हा नदीकाठी होती. एका श्रावणात काळगंगा अशी फुगली की तिने तीन दिवसांत गाव धुऊन नेले. घरे गेली, कणग्या गेल्या, दावणीची गुरे दाव्यासकट गेली. माणसे तेवढी टेकावर चढली, तीही सगळी नाही. आणि टेकावर चढून करायचे काय? वर ना झाड, ना आडोसा, नुसता खडक आणि वरून पाऊस.

घाट चढून गेले की खडकमाळ लागते, सणगरांची वस्ती. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे. तिथला धुळाप्पा हा वस्तीचा कारभारी, शब्दाला पक्का आणि लाजेला त्याहून पक्का. चारचौघांत आपल्याला कुणी नाव ठेवू नये, एवढी एकच धास्ती त्याला जन्मभर होती. त्याची एकुलती लेक ताना सोनोळीला दिली होती. पुराच्या चार दिवस आधीच सांगावा आला होता, तानाला मुलगा झाला म्हणून. बाळंतीण सासरीच राहिली होती. भरल्या पावसात घाट चढवून माहेरी कशी आणणार? धुळाप्पाच्या बायकोने, म्हाकूने, त्याच दिवशी मागावर जावळाची लोकर चढवली. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर ती जावळाची; तिच्याइतकी मऊ दुसरी नाही. बारशाला न्यायची म्हणून म्हाकूने त्या घोंगडीला लाल काठ धरला होता.

तेवढ्यात सोनोळीकडचा एक माणूस पुराची बातमी घेऊन आला. तानाचा नवरा गुरे सोडवायला खाली उतरला तो वर आलाच नाही, ताना पोराला घेऊन टेकावर आहे, हेही त्याच माणसाने सांगितले.

त्या दिवशी खडकमाळातल्या एकाही घराने हात आखडला नाही, असे सांगतात. कुणी मागावरची घोंगडी खळीने ओली होती तशीच काढून दिली, कुणी निजलेल्या पोरांच्या अंगावरची. आडोशाला बांबूचे तट्टे, बांधायला सुंभाचे दोर. म्हाकू घरोघर फिरली आणि मडकी, तवे, पळ्या गोळा करून आली. "नुसतं दाणं धाडून काय व्हतंय?" ती म्हणाली. "ज्याची चूल गेली त्यानं शिजवायचं कशात?"

बैलांवर गोण्या लादून झाल्या, तेव्हा तिने लाल काठाची घोंगडी आणली आणि पहिल्या गोणीत, भिजू नये म्हणून मधोमध घातली.

"ही तानीची हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची न्हवं."

"वाटणाऱ्यानं आपलं माणूस शेवटी धरावं," धुळाप्पा म्हणाला.

"शेवटी धरा. पण धरा."

घाट चिखलाने भरला होता. दीड दिवस बैल घसरत, सावरत उतरले. दोन ठिकाणी गोण्या उतरवून माणसांनी पाठीवर वाहिल्या. तिसऱ्या प्रहरी धुळाप्पा टेकावर पोचला आणि समोर बघून थबकला. पुराने सोनोळीची घरे नेली होती, पण मान नेला नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटे नाही. गाव त्या उघड्या खडकावरही मानाच्या क्रमाने बसले होते. सपाट मोठ्या धोंड्यावर रायाजी पाटील, शेजारी कुलकर्णी, मग चौगुला, पुढे बलुतेदार, आणि अगदी शेवटी, उताराच्या तोंडाशी, बाहेरून येऊन गावात राहिलेली माणसे. सणगराचे घर गावात उपरेच. ताना सगळ्यांच्या शेवटी बसली होती. अर्धे लुगडे तिने डोक्यावरून पुढे ओढून मांडीवरच्या गाठोड्यावर धरले होते. एवढ्या लांबूनही धुळाप्पाला तिची बसण्याची ढब ओळखू आली. लेक जिवंत होती.

धावत जावे असे त्याला वाटले. पण सगळे गाव बघत होते. तो पाटलापुढे उभा राहिला आणि रामराम केला.

त्या मुलखात मानकऱ्याला घोंगडी एकटी देत नसत, जोड देत. एकटी घोंगडी मयतावर घालायची, अशी समजूत होती. म्हणून धुळाप्पाने पहिल्या गोणीत खोल हात घातला आणि मधली, कोरडी राहिलेली जोड ओढली. वर काळी आली आणि तिच्याबरोबर लाल काठाची.

बायकोच्या हाताचे काम त्याने बोटांनीच ओळखले. मागे घ्यायला क्षण पुरला असता. पण पाटलाचे हात पुढे आले होते. रायाजी पाटील काही वाईट माणूस नव्हता. तीन दिवस तोही भिजत होता. त्याने काठावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "काय मऊ काम हाय, धुळाप्पा! ही अशी कुणासाठी विणली?"

आता काय बोलावे? लेकीसाठी म्हटले तर लोक म्हणणार, बघा, दान आणले आणि चांगले ते घरच्यासाठी दडवले. धुळाप्पाच्या तोंडून शब्द गेले, "तुमच्यासाठीच हाय, पाटील."

मग वाटप पुढे सरकले. कुलकर्ण्याला जोड, चौगुल्याला जोड, सगळ्या मानकऱ्यांना जोड. पुढे घरटी एक. प्रत्येकाला एक मडके, एक पळी, दोराचे वेटोळे, दोन घरांत मिळून एक तट्टा. माणसे पाया पडत होती आणि धुळाप्पाचे डोळे रांगेच्या टोकाकडे जात होते. शेवटच्या गोणीपर्यंत आला तेव्हा जोत्याप्पा नावाचा एक म्हातारा थंडीने कुडकुडत होता. या गोणीत घोंगड्या आहेतच, या भरवशावर धुळाप्पाने आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्यावर घातली. गोणी सोडली. तिच्यात मडकी होती.

सात घरे अजून राहिली होती. सातवे तानाचे.

धुळाप्पा तिच्यापुढे उकिडवा बसला. तिने पदर बाजूला करून पोर दाखवले. नऊ दिवसांचे, बारसे न झालेले. "आबा, नाक तुमच्यावर गेलंय," ती म्हणाली. मग गोणीकडे बघत तिने विचारले, "आयनं काय धाडलंय?"

"येतंय मागनं," धुळाप्पा म्हणाला, आणि मडके तिच्यापुढे ठेवले.

त्याने मागे वळून पाहिले. रांगेच्या दुसऱ्या टोकाला लाल काठ दिसत होता. शंभर पावले चालायचे आणि एक वाक्य बोलायचे, एवढेच करायचे होते. तो उठला, चार पावले टाकलीही, असे सांगतात. पण मानाने दिलेली वस्तू परत मागायची, तीही सगळ्या गावादेखत! पाय तिथेच अडला. तो वळला आणि रिकामे बैल घेऊन उघड्या अंगाने घाटाकडे चालू लागला, आणखी घोंगड्या आणायला.

माणसाला लाज असावी. पण ती कुठे सोडायची तेही कळावे. धुळाप्पाला ते घाटात कळले, आणि तोवर टेक मागे पडले होते.

चौथ्या दिवशी तो दुपारी परत आला. या वेळी वाटेत कुठेही न थांबता, पाटलाकडे न बघता, थेट टोकाला गेला. ताना एकटी बसली होती. तिच्या मांडीवर काही नव्हते. शेजारी माती नुकती सारखी केलेली होती आणि तिच्यावर ताटाएवढा एक दगड ठेवला होता. वारा सुटल्यावर जोत्याप्पाने जवळ येऊन अर्धी घोंगडी माय-लेकरांवर ओढली होती, पण भिजलेल्या पोराच्या अंगातली ऊब तोवर निघून गेली होती.

धुळाप्पाने घोंगडी पुढे केली. तानाने ती घेतली नाही.

"आबा, ही शेजारच्या कोंडीला द्या," ती म्हणाली. "तिचं पोर हाय अजून."

धुळाप्पाने ती कोंडीला दिली. राहिलेल्या घरांना दिल्या. आणि मग, जी शंभर पावले त्याला तेव्हा चालवली नव्हती, ती तो चालत गेला.

"पाटील," तो म्हणाला, "ती लाल काठाची माझ्या नातवाची व्हती. त्याच्यावर घालायची हाय. द्या."

रायाजी पाटलाचा चेहरा उतरला. "मग तवाच बोलला का न्हाईस?"

"तुमचा हात पुढं व्हता," धुळाप्पा म्हणाला, आणि सगळ्या गावादेखत रडला.

पाटलाने खांद्यावरची घोंगडी काढली. अनवाणी, एकेका माणसासमोरून तो रांगभर चालत गेला आणि त्याने ती आपल्या हाताने त्या दगडावर पांघरली. मग तिथेच, दगडाच्या पलीकडे, उतारावर बसला. "आजपासनं सोनोळीत हात आधी शेपटाकडं जाईल," तो म्हणाला. "पाटलाचं सगळ्यांच्या मागनं, उरलं तर." पहिल्या धोंड्यावर तो पुन्हा कधी बसला नाही. त्यानंतर आठ दिवस पाऊस लागला, पण दगडावरची घोंगडी भिजली नाही म्हणे. खरे खोटे देव जाणे. आता कोरडी राहून तरी तिचा कुणाला उपयोग होता?

धुळाप्पा तानाला घेऊन घरी आला. म्हाकू दारातच उभी होती. लेकीची रिकामी मांडी बघून तिला जे समजायचे ते समजले. तिने एवढेच विचारले, "लाल काठाची कुणाला दिलीसा?"

"पाटलाला."

म्हाकू आत गेली. पुढचा श्रावण आला तेव्हा तिने जावळाच्या लोकरीची दुसरी घोंगडी विणली, लाल काठाची, आणि सोनोळीला निघाली. धुळाप्पाने ओझे घ्यायला हात पुढे केले. तिने घोंगडी छातीशी धरली.

"नगं," ती म्हणाली. "तुमच्या हातनं ती पोचत न्हाई."

आजही श्रावणात खडकमाळच्या बायका एक लाल काठाची घोंगडी घेऊन घाट उतरतात. पुरुष बरोबर असतात, पण तिला हात लावत नाहीत. बायका ती बिननावाच्या दगडावर पांघरतात, पोराला ऊब लागावी इतका वेळ तिथे बसतात, आणि मग उचलून त्या मुलखातल्या सगळ्यांत लांबच्या, सगळ्यांत शेवटच्या घरातल्या बाळंतिणीला नेऊन देतात. परतताना खडकमाळच्या वेशीत वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई उभी असते. ती एकच विचारते, "लाल काठाची कुणाला दिलीसा?" बायका त्या बाळंतिणीचे नाव सांगतात. ते नाव कानांवर पडेपर्यंत त्या दिवशी खडकमाळात एकही चूल पेटत नाही.