पहिली वाटी

ज्या काळी घाटाची वाट माणसांपेक्षा बैलांनाच जास्त ठाऊक होती, त्या काळची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात दोन भावांचं एक हॉटेल होतं.

हॉटेल म्हणजे तरी काय? चार मेढी, वर गवताचं छप्पर, बसायला दोन फळ्या, आणि चुलीवर सदा रटरटणारा मटकीचा रस्सा. घाट चढण्याआधी गाडीवान तिथे बैल सोडत. रश्शात भाकरी कुस्करत, नाक पुसत जेवत आणि म्हणत, "आता घाट काय, आभाळ चढतो!"

रस्सा थोरला भाऊ करायचा. धाकटा लाकडं फोडायचा, पाणी भरायचा, वाढायचा आणि गिऱ्हाइकांची थट्टा करायचा. "पाव्हणं, भाकरी तुम्हाला वाढू की तुमच्या मिशांना?" चुलीपुढे बसायला मात्र त्याला दम नव्हता.

थोरला म्हणायचा, "अरे, जरा बस इथं. बघ तरी कसं करतो ते."

धाकटा म्हणायचा, "दादा, तू आहेस की!"

त्या हॉटेलचा एक रिवाज होता. रस्त्यापलीकडे एक म्हातारी केरसुण्या वळत बसायची. तिची जीभ गावात सगळ्यांत तिखट. थोरला रोज रश्शाची पहिली वाटी तिच्याकडे न्यायचा, तिच्यापुढे उकिडवा बसायचा आणि ती बोलेल ते ऐकून घ्यायचा. मग परत येऊन पातेल्यात काहीबाही टाकायचा. त्यानंतरच पहिलं गिऱ्हाईक जेवायचं. धाकट्याला वाटे, दादा म्हातारीच्या शिव्यांना भितो.

एका वर्षी थोरल्याला ताप भरला आणि तीन दिवसांत तो गेला. धाकट्याने पाण्याची घागर भरून आणली आणि सवयीने विचारलं, "दादा, कुठं ठेवू?" मग घागर डोक्यावर तशीच धरून तो किती तरी वेळ उभा राहिला.

तेरावं झालं आणि धाकटा चुलीपुढे बसला. दादाचं हॉटेल बंद पडू द्यायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं. जमेल तसा त्याने रस्सा केला. रिवाज म्हणून पहिली वाटी म्हातारीकडे नेली.

म्हातारीने चाखून पाहिलं. "मटकी कच्ची. मसाला करपलाय. कुणाला वाढू नको हे."

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. "मावशे, माझा भाऊ गेला, आणि तुला मसाला दिसतो?" त्याने वाटी हिसकावून घेतली आणि रस्सा धुळीत ओतला. "उद्यापासून तुझी वाटी बंद!"

"बरं," म्हातारी म्हणाली आणि केरसुणी वळू लागली.

गावातली माणसं मात्र रोज जेवायला आली. एक म्हणाला, "वा! अगदी थोरल्याच्या हातचा!" दुसरा म्हणाला, "डोळे मिटले तर वाटतं, तोच वाढतोय." त्यांना पोराची दया येत होती. धाकट्याला ते खरंच वाटलं. त्याला स्वतःला कळायला मार्ग नव्हता. भाऊ गेल्यापासून त्याच्या तोंडाला सगळंच मातीसारखं लागत होतं.

पण गाड्या थांबेनाशा झाल्या. बैलांची घुंगरं वाजत यायची आणि वाजतच पुढे जायची. धाकट्याला कळेना. एक दिवस तो धावत गेला आणि एका जुन्या गाडीवानाची गाडीच अडवली.

"काका, दादा होता तेव्हा तुम्ही दोनदा रस्सा मागून घ्यायचात. आता का जाता?"

"उशीर झालाय रे पोरा..."

"खरं सांगा. दादाची शपथ आहे."

गाडीवान खाली बघत म्हणाला, "गावची माणसं तुझ्यासाठी जेवतात, बाळा. आम्हाला घाट चढायचा असतो."

गाडी निघून गेली. धाकटा रस्त्यातच बसला. मग उठला, हॉटेलात गेला, वाटी भरली आणि म्हातारीपुढे उकिडवा बसला.

"मावशे, चुकलो."

म्हातारीने चाखलं. "मटकी अजून कच्चीच. मसाला करपलेलाच."

"माझ्याच्यानं नाही होत," धाकटा म्हणाला. "दादाच्या हाताची चव दादाबरोबर गेली."

म्हातारी फिसकन हसली. "हाताची चव? तुझी आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुझं पोट भरायचं म्हणून त्यानं इथं चूल मांडली. त्याचा पहिला रस्सा तुझ्याहून वाईट होता! एका गाडीवानानं तो बैलापुढे ठेवला, तर बैलानं तोंड फिरवलं. तुझा भाऊ इथंच बसून रडला. मी म्हटलं, 'रडून झालं की मसाला मंद आचेवर भाज.' दुसऱ्या दिवशी परत वाटी घेऊन आला. वीस वर्षं येत राहिला."

धाकट्याने भावाला चुकताना कधी पाहिलंच नव्हतं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच तो मोकळा रडला. म्हातारीने त्याला रडू दिलं. मग ती म्हणाली, "ऊठ आता. मटकी आणखी भिजू दे, आणि चुलीपुढून हलू नकोस."

तो रोज जाऊ लागला. कधी मीठ चुकायचं, कधी चिंच. तिच्या बोलण्याने त्याचे कान लाल व्हायचे, पण तो बसून राहायचा. हळूहळू त्याच्या तोंडालाही चव आली. एका सकाळी म्हातारीने वाटी रिकामी केली आणि काही न बोलता ती परत दिली. त्या दिवसापासून गाड्या पुन्हा थांबू लागल्या.

पुढे छपरावर कौलं आली, फळ्यांची बाकं झाली, धाकट्याच्या मिशा पिकल्या. म्हातारी वारली तेव्हा त्याने तिला खांदा दिला, आणि दुसऱ्याच दिवशी वाटी भरून तो गावातलं दुसरं तिखट जिभेचं माणूस शोधायला निघाला.

म्हणून लक्षात ठेवावं: दुःखात गोड बोलणारे पुष्कळ भेटतात, पण चूक तोंडावर सांगणाराच आपल्याला पुन्हा उभं करतो.