पहिल्या बोलाचा मान

एकदा एका देशाला फार तरुण अर्थमंत्री लाभला. त्याच्याआधी ते पद ज्यांनी दीर्घकाळ भूषवले, त्या वृद्ध गुरुजींच्याच हाताखाली तो घडला होता. बुद्धीने तल्लख, बोलायला गोड, आणि पहिल्याच वर्षी सगळा देश बदलून टाकण्याची घाई. ती घाई वयाला शोभणारीच होती, म्हणून मी तिला नावे ठेवत नाही.

त्या देशात प्रत्येक नगराच्या वेशीवर जकातनाका होता. चार वेशी ओलांडून बाजारात पोहोचेपर्यंत गाडीतल्या भाजीची पार रया जाई. तरुण मंत्र्याने ठरवले की सारे नाके उठवायचे, आणि माल विकला जाईल तिथे एकदाच कर घ्यायचा. नगरांचा वाटा राजधानीतून नगरांना पोहोचेल. त्यासाठी तो एकेका नगरप्रमुखाच्या घरी जाऊन जेवला. सर्वांनी आग्रहाने वाढले, माना डोलावल्या, विचार उत्तम असल्याचे सांगितले. मंत्री खुशीत परतला. जेवताना डोलावलेल्या मानांवर किती भिस्त ठेवावी, हे राजकारणात फार उशिरा कळते.

प्रस्ताव सभेत पडला, तर अर्थमंत्र्याने त्याच दिवशी पायउतार व्हायचे, असा तिथला नियम होता. एक प्रथाही होती. प्रस्ताव वाचून झाला की पहिला बोल माजी अर्थमंत्र्याचा. हा मान म्हणजे आशीर्वादच. कौतुकाचे चार शब्द बोलावेत आणि खाली बसावे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते.

ठरल्या दिवशी मंत्र्याने प्रस्ताव वाचला आणि गुरुजींकडे पाहिले. वृद्ध काठी टेकत उठले.

"घाटमाथ्यावरच्या नगराला ना पीक, ना बाजार," ते म्हणाले. "तिथले दिवे जकातीवर जळतात. उद्यापासून ते कशावर जळणार? राजधानी वाटा देईल, असे तू म्हणतोस. राजधानीने शब्द मोडला, तर त्या नगराने कुणाच्या दारात जायचे? उत्तर नसेल, तर हा प्रस्ताव मागे घे."

मंत्र्याचा चेहरा उतरला. ज्यांनी बोट धरून चालवले, त्यांनीच भर सभेत पाय ओढावा, याचे त्याला मनस्वी दुःख झाले आणि रागही आला. पण उत्तर देणे भाग होते. पहिल्या प्रश्नाचे त्याने दिले. डोंगराळ नगरांचा वाटा त्याने मुळातच अधिक धरला होता. दुसऱ्यापाशी मात्र तो अडला. मसुद्यात त्याचे उत्तर नव्हतेच. मग त्याने लेखणी मागवली.

"वसुलीतून आधी नगरांचा वाटा निघेल," तो म्हणाला. "राजधानीने मागाहून, उरेल त्यात भागवायचे. हे कलम मी आत्ता, सर्वांदेखत लिहितो."

आता मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. एक नगरप्रमुख उठला, मग दुसरा. ज्यांनी जेवताना ब्र काढला नव्हता, ते तावातावाने प्रश्न विचारू लागले. मंत्री एकेकाला उत्तरे देत गेला. जिथे चुकले होते, तिथे दुरुस्ती करत गेला. दिवस कलताना मतदान झाले आणि प्रस्ताव घवघवीत बहुमताने मंजूर झाला. लोकांनी मंत्र्याला खांद्यावर घेऊन मिरवले. वाटेत गुरुजींचे घर लागले. त्याने तिकडे पाहिलेही नाही.

पुढे तो नगरे पाहायला निघाला. नाके खरोखरच उठत होते. घाटमाथ्यावर तर नगरप्रमुख स्वतः उभा राहून वेशीचा अडसर उपटवून घेत होता. मागे अडलेल्या गाड्या एकामागून एक सुटल्या, गाडीवाले हसत होते, आणि मंत्र्याला भरून आले. तुम्ही सर्वांच्या आधी हे काम कसे काढलेत, असे त्याने विचारले.

नगरप्रमुख ओशाळून हसला. "खरं सांगू? मी बाजूने मत देणार होतो आणि नाका तसाच ठेवणार होतो. पण माझ्या मनातलं तुमच्या गुरुजींनी बोलून टाकलं, तुम्ही त्याचं उत्तर दिलंत. आता कोणत्या तोंडानं नाका ठेवू?"

मंत्री परतला तो थेट गुरुजींकडे. त्याने त्यांचे पाय धरले.

"माझ्या कारकिर्दीत मीही हाच प्रस्ताव मांडला होता," गुरुजी म्हणाले. "एकमताने मंजूर झाला. विरोधात एक शब्द निघाला नाही, म्हणून मी पेढे वाटले. आणि देशातला एकही नाका उठला नाही. जी शंका सभेत बोलली जात नाही, ती घरी जाऊन वेशीवर बसते. तिथे तिला उत्तर द्यायला अर्थमंत्री नसतो. म्हणून तू समोर असतानाच मी तिला बोलती केली. कौतुक करायला तर मीही आतुर होतो, पोरा."

शिष्याचे डोळे भरले. मग त्याने भीत भीत विचारले, "आणि मला उत्तर सुचलं नसतं तर? माझं पद त्याच दिवशी गेलं असतं."

"गेलं असतं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आणि जायलाच हवं होतं."

शिष्याने मान लववली. त्यानंतर तो पुष्कळ वर्षे अर्थमंत्री राहिला, आणि प्रत्येक प्रस्ताव त्याने आधी अशा माणसाकडे नेला, जो त्याला नाही म्हणेल.