शास्त्रीबुवांनी पेरलेले धने

बालाघाटाच्या उतारावरच्या निंबसांगवीत त्या चैत्रात सावळगिरी महाराजांचा मुक्काम मारुतीच्या पारावर होता. ऊन असं की पारावर अनवाणी पाय ठरत नसे, तरी दर्शनाला रीघ लागे. कुणी पेढे आणी, कुणी नारळ. तान्हुबाई माळीण मात्र सूपभर धने घेऊन आली.

तिची कोथिंबीर यंदा उन्हानं फुलावर गेली होती. अशा जुडीला बाजारात कुत्रं विचारत नाही. पण तान्हुबाईनं एक रोप उपटलं नाही. पानं गेली तर दाणा आहे, ही तिच्या आईची शिकवण.

"महाराज, ठेचून पाण्यात भिजवायचे, गाळून खडीसाखर घालायची," ती म्हणाली. "अंगाची तगमग, लघवीची जळजळ, डोळ्यांची आग, समदं निवतं. आमच्या चार पिढ्यांचं हाय हे. आल्यागेल्याला पाजा."

"वा! देवाच्या दारी याहून थंड नैवेद्य कोणता?" महाराज प्रसन्न होऊन म्हणाले.

शेजारी केदारशास्त्री वैद्य बसले होते. पंचक्रोशीत त्यांच्या मात्रांचा दबदबा, आणि तो सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक! ते फिसकन हसले.

"फोडणीच्या डब्यातलं औषध! मग माझ्या सुवर्णभस्माची काय भाजी करू?" असं म्हणत त्यांनी पायानं सूप लोटलं. धने पाराखालच्या टणक जमिनीवर विखुरले.

तान्हुबाईच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण मान खाली गेली नाही. "शास्त्रीबुवा, मला हसा. ह्या दाण्याला हसू नका," ती म्हणाली.

"राहू दे, बाई," महाराज शांतपणे म्हणाले. "सांडलेलं देव वाया जाऊ देत नाही."

तान्हुबाईनं घरातले उरलेले धने आणले आणि रोज पारावरचा रांजण भरला. वाटसरू, गुराखी, म्हाताऱ्या, सगळे पिऊन निवाले.

पाचव्या दिवशी भर दुपारी शास्त्रीबुवा बोडक्या डोक्यानं तिच्या दारात उभे राहिले. उन्हातून सासरहून आलेली त्यांची लेक दुर्गा तापानं फणफणली होती, अंगाची लाही लाही होत होती, आणि एकही मात्रा पोटात ठरत नव्हती.

"तान्हुबाई, मूठभर धने दे. माझी पोर हातची जाते गं!"

तान्हुबाईनं मडकं पालथं केलं. एक दाणा पडला नाही! कालच शेवटची मूठ रांजणात गेली होती, आणि रांजणही कालच रिकामा झाला होता. ज्या दाण्याचा जन्मभर अभिमान मिरवला, तोच ऐन वेळी हाती नसावा? ती तशीच पाराकडे धावली. मागोमाग शास्त्रीबुवा.

"महाराज, लेकरू जळतंय अन् माझं मडकं रितं! आता माझी लाज राखा!"

महाराज हसले. "रितं कसं? शास्त्रीबुवांनी पेरलेत ना."

दोघांनी पाराखाली पाहिलं. जिथं दूर्वाही उगवत नव्हती, त्या भेगाळल्या जमिनीवर गुडघाभर रोपं उभी होती, पिकल्या दाण्यांनी लगडलेली! तान्हुबाई चकित झाली. धने पेरताना आधी रगडून त्यांच्या दोन फाका कराव्या लागतात, हे माळणीला कोण सांगणार? हे तर सबंध सांडलेले. काल रांजण भरताना इथं कोंबही नव्हता. ना पाणी, ना खत, आणि एका रात्रीत पीक!

ती पुढे वाकली, तोच महाराज म्हणाले, "थांब. ज्यानं पेरलं त्यानंच काढावं."

शास्त्रीबुवा गुडघे टेकून बसले आणि एकेक दाणा उपरण्यात वेचू लागले.

तान्हुबाईनं वैद्यांच्याच खलात धने ठेचले, थंड पाण्यात भिजवले, आणि ते पाणी गाळून चमच्या-चमच्यानं दुर्गेला पाजलं. पहिला चमचा पोटात ठरला. दुसरा ठरला. उन्हं कलायच्या आत पोरीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "अजून द्या."

शास्त्रीबुवा धावतच पारावर आले आणि महाराजांचे पाय धरायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी काय केलं? औषध त्या माउलीचं. आणि नमस्कार करायचाच, तर या मातीला करा. तुम्ही लाथ मारलीत, तिनं पोटात घातली."

शास्त्रीबुवांनी त्या जमिनीवर कपाळ टेकलं. मग उठून तान्हुबाईपुढे हात जोडले. कपाळाची माती त्यांनी दिवस मावळेपर्यंत पुसली नाही.

तान्हुबाई रिकामं सूप डोक्यावर घेऊन घरी निघाली. चालताना तिची मान जराही लवली नाही.