माळावरची वाटणी

खूप मागची गोष्ट आहे. किती मागची, ते मला विचारू नका. सायकली तेव्हा निघाल्या होत्या, एवढं नक्की. एका डोंगराळ राज्याच्या एका टोकाला दोन भाऊ राहत होते आणि दुसऱ्या टोकाला त्यांची बहीण नांदत होती. मध्ये इतका मुलूख पसरलेला, की लग्न झाल्यापासून एकाही भाऊबिजेला तिला भावांना ओवाळता आलं नव्हतं. यंदा भावांनी सायकली घेतल्या आणि निरोप धाडला, "येतोच आम्ही."

थोरला भाऊ घाईचा. तांबडं फुटायच्या आत त्याची वळकटी कॅरिअरला बांधून तयार असे. धाकटा तेव्हा कुठे एक डोळा उघडी. मग त्याचं तोंड धुणं, मग दशमी चावून चावून खाणं, मग एक चप्पलच सापडत नाही. वाटेत विहीर दिसली की हा थांबणार. चढ आला की उतरून चालणार, आणि चालताना गाण्याची एकच ओळ गुणगुणणार, तीही अर्धी. उरलेली अर्धी त्याला येतच नव्हती.

"किती राहिलं रे दादा?" तो दर थोड्या वेळानं विचारी.

"तुझ्या पायांना विचार!" थोरला खेकसे.

भाऊबिजेच्या सकाळी मात्र कहर झाला. वाट एका माळावर आली. तिथे तिला दोन फाटे फुटत होते. एक टेकडीवरून जाई, दुसरा नदीकाठानं. दोन्ही बहिणीच्याच गावाला पोचत. धाकटा खाली उतरला आणि म्हणाला, "दादा, जरा टेकतो. पायात गोळा आलाय."

"आज? आजच यायचा होता गोळा?" थोरल्यानं सायकल आपटली. "तिकडे ती उपाशी बसली असेल! तुझं लोढणं गळ्यात नसतं, तर मी कालच पोचलो असतो."

"मग जा की एकटा! रोज उठून तुझी वसवस ऐकतोय. लोढणं म्हणे!"

"जातोच!"

आणि तिथेच, भर माळावर, दोघांनी सामान वाटून घेतलं. चिवडा अर्धा अर्धा झाला. पंक्चरच्या पिशवीवर जरा अडलं. शेवटी पंप थोरल्यानं घेतला. ठिगळं आणि सोल्युशनची नळी धाकट्यानं. थोरला टेकडीच्या वाटेनं निघाला.

पहिल्यांदा त्याला फार बरं वाटलं. ना गुणगुण, ना "किती राहिलं." मग मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला.

त्यानं पंप लावला. हवा भरली, हवा गेली. पुन्हा भरली, पुन्हा गेली. दंडाला कळ लागेपर्यंत तो पंप मारत राहिला आणि प्रत्येक झटक्याला धाकट्याला शिव्या घालत राहिला, जणू काटा त्यानंच पेरला होता.

इतक्यात खालून एक धनगर मेंढरं घेऊन वर आला.

"काय पाव्हणं, तुमचंबी फुटलं का? खाली नदीच्या वाटेला एकजण बसलाय. ठिगळ झकास लावलंय, पण हवा भरायला काय न्हाई म्हणतो. फुंकर मारून मारून दमलाय बिचारा."

थोरल्याला हसू फुटलं. बरी खोड मोडली, असं वाटलं. येऊ दे त्यालाच वर, गरज त्याला आहे, असं म्हणून तो दगडावर बसून राहिला. खाली धाकटाही नेमकं हेच म्हणत बसला असेल, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. तो ताडकन उठला. सायकल खांद्यावर टाकली आणि काट्याकुट्यांतून नदीकडे उतरला.

धाकट्यानं त्याला पाहिलं आणि चाक पुढे केलं. थोरल्यानं हवा भरली. मग धाकट्यानं थोरल्याच्या ट्यूबला ठिगळ लावलं. जरा वेळात दोन्ही सायकली धावू लागल्या, पण सूर्य काही थांबला नाही.

ते पोचले तेव्हा बहीण अंगणातच होती. हातातल्या तबकात निरांजन विझलेलं होतं.

"आलात होय, दादा!" ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "केव्हाची वाटेकडे बघत होते. बीजेची कोर डोंगराआड जायला लागली, मग काय करू? ज्यांना भाऊ नसतो त्या बायका करतात, तसं चंद्रालाच ओवाळलं."

"पुन्हा ओवाळ की ताई," धाकटा म्हणाला.

"झालं रे ते आता, चंद्राला ओवाळून यंदाची बीज सरली. हातपाय धुवा, पानं वाढते."

दोघे खाली मान घालून पानावर बसले. राग काढायला आज थोरल्याला स्वतःखेरीज कुणी सापडत नव्हतं.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: सोबत्याचा वैताग आला तर खुशाल भांडा, पण भर वाटेत वाटण्या करू नका, रागातली वाटणी दोघांनाही अधुरं करून सोडते.