कडबोळं, किल्ली आणि मुकिंदाकाकांचा भांग

एक होती चिचुंद्री. नाक लांब, अंग एवढंसं. चालायची कशी? तुरुतुरु, चिक् चिक्! मागे तिची चार पिल्लं. पहिल्यानं आईची शेपटी धरायची, दुसऱ्यानं पहिल्याची. सगळी रांगेत, घट्ट घट्ट. कुणी म्हणून हरवायचं नाही!

एका सकाळी काकूंच्या परातीतून एक कडबोळं निसटलं. चिचुंद्रीनं ते पटकन उचललं. पण कडबोळं गोल! तोंडातून सुटलं. गड गड गड गड... गेलं अंगणात. तिथं होती मुकिंदाकाकांची मोटारसायकल. चाक आणि दगड यांच्या मधे कडबोळं बसलं अडकून. चिचुंद्रीनं ओढलं. निघेना. ढकललं. निघेना.

"आई, भूक!" पिल्लं रडायला लागली.

"रडू नका. मी आणणार म्हणजे आणणार!"

चिचुंद्री चाकाला म्हणाली,
"चाका चाका, पुढे हो!
कडबोळं सुटेना,
पिल्लांची भूक मिटेना!"

चाक म्हणालं, "मी नाही हलणार. आधी किल्ली फिरू दे."

तुरुतुरु, चिक् चिक्! चिचुंद्री गेली किल्लीकडे. मुकिंदाकाका गाडीवर बसले होते. त्यांना जायचं होतं साखर कारखान्यात. किल्ली फिरवून फिरवून बोटं दुखली, पण किल्ली गच्च!

"किल्ली किल्ली, फिर ना गं!
चाक हलेना,
कडबोळं सुटेना,
पिल्लांची भूक मिटेना!"

किल्ली म्हणाली, "मी नाही फिरणार. आधी हेल्मेट डोक्यावर बसू दे."

तुरुतुरु, चिक् चिक्! हेल्मेट कुठं? आरशाला लटकलेलं!

"हेल्मेटा हेल्मेटा, बस ना रे!
किल्ली फिरेना,
चाक हलेना,
कडबोळं सुटेना,
पिल्लांची भूक मिटेना!"

हेल्मेट म्हणालं, "मी नाही बसणार. आधी पट्टा खट् करायला तयार होऊ दे. पट्टा नसला, तर मी टुपकन उडून जातो."

तुरुतुरु, चिक् चिक्! पट्टा खाली लोंबत होता.

"पट्ट्या पट्ट्या, लाग ना रे!
हेल्मेट बसेना,
किल्ली फिरेना,
चाक हलेना,
कडबोळं सुटेना,
पिल्लांची भूक मिटेना!"

पट्टा म्हणाला, "मी नाही लागणार. आधी काकांना हो म्हणू दे."

तुरुतुरु, चिक् चिक्! चिचुंद्री चढली काकांच्या गुडघ्यावर.

"काका काका, हो म्हणा ना!
पट्टा लागेना,
हेल्मेट बसेना,
किल्ली फिरेना,
चाक हलेना,
कडबोळं सुटेना,
पिल्लांची भूक मिटेना!"

काका म्हणाले, "न्हाई बाई! तेल लावून भांग पाडलाय. हेल्मेटनं इस्कटतो!"

काकू दारातून ओरडल्या, "अहो, घाला की! बाहेर ट्रक किती पळत्यात!"

"इथल्या इथं तर जायचंय!" काका म्हणाले. आणि खिशातला कंगवा काढून पुन्हा भांग पाडला.

आता मात्र चिचुंद्रीला आला राग. नाकाचा शेंडा लाल लाल! ती चढली काकांच्या हातावर. हातावरून खांद्यावर. खांद्यावरून थेट डोक्यावर! इकडून तिकडे, तिकडून इकडे. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु! उरला का भांग? छे! डोक्यावर नुसता झाडू!

काकू पोट धरून हसल्या. "आता काय इस्कटायचं राहिलंय?"

काकांनी आरशात बघितलं. त्यांनाही हसू आलं. "बरं बाई, हो!" चिचुंद्री सरसर खाली उतरली.

काका हो म्हणाले, पट्टा तयार झाला.
पट्टा तयार झाला, हेल्मेट बसलं. टुप्प!
पट्टा लागला. खट्!
किल्ली फिरली. कट्!
चाक हललं. घुर्रर्र!
कडबोळं सुटलं. टुण्ण!

गाडी निघाली. फाटकापाशी आंब्याचं झाड. वरून पडली एक मोठी कैरी. टाण्ण! बरोब्बर हेल्मेटवर!

काका थांबले. डोकं चाचपलं. डोकं ठणठणीत! "बाई गं, वाचवलंस मला!" ते चिचुंद्रीला म्हणाले.

पण चिचुंद्रीला कुठं वेळ? ती आणि पिल्लं कडबोळं खात होती. कुडुम कुडुम, कुडुम कुडुम!

तेव्हापासून काका घरी भांग पाडतच नाहीत. कंगवा खिशात, हेल्मेट डोक्यावर. भांग पाडायचा कारखान्यात पोचल्यावर!

पिल्लांनी धरल्या शेपट्या घट्ट,
आणि आपली गोष्ट झाली... खट्!